विजयदुर्गचे कट्टे, जमखंडीचे ढग

#थ्रेड #इतिहास #खगोल

१/ दरवर्षी १८ ऑगस्टला सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावर ‘हेलियम दिन’ साजरा होतो. किल्ल्यावर काही दगडी चौथरे आहेत; स्थानिक लोक त्यांना ‘साहेबाचे कट्टे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने याच कट्ट्यांवर दुर्बीण रोवून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि त्याच वेळी हेलियमचा शोध लागला, अशी कथा सांगितली जाते. ही कथा अर्धी खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागात कोकणचा पाऊस, जमखंडीचे ढग आणि तीस वर्षांचे अंतर दडलेले आहे.

२/ आधी तारीख पाहू. १८ ऑगस्ट १८६८ म्हणजे शके १७९० ची श्रावण अमावास्या, पोळ्याची तिथी. नारळी पौर्णिमेला जेमतेम पंधरवडा उलटलेला. या दिवसांत कोकण किनाऱ्यावर पावसाळा ऐन भरात असतो. आकाश सलग तासभर स्वच्छ राहील, याची खात्री तिथला कोणताही खलाशी किंवा शेतकरी देणार नाही. मोजकी मिनिटे टिकणारी घटना पाहण्यासाठी विलायतेहून कोणी मुद्दाम या जागी येईल का, हा प्रश्न कथा ऐकतानाच मनात यायला हवा.

३/ चंद्राच्या दाट छायेची वाट मात्र खरोखरच इथून गेली होती. एडनच्या बाजूने अरबी समुद्र ओलांडून छाया दक्षिण कोकणात उतरली. पुढे कोल्हापूर, जमखंडी, विजापूर या टापूवरून निजामाचे राज्य ओलांडत ती गुंटूर आणि मछलीपट्टणमच्या किनाऱ्यावर पोहोचली, आणि तिथून सयामकडे गेली. विजयदुर्ग या पट्ट्यात होता. त्या वेळी औरंगाबाद असे नाव असलेले आजचे छत्रपती संभाजीनगर पट्ट्याच्या बरेच उत्तरेला राहिले. तिथे ग्रहण खंडग्रासच होते.

४/ या ग्रहणाची युरोपला एवढी ओढ का होती? याआधीच्या खग्रास ग्रहणांत काळ्या चंद्रबिंबाच्या कडेला तांबूस ज्वाळांसारखे आकार दिसले होते. ते सूर्याचे की चंद्राचे, हा वाद १८६० च्या ग्रहणातील छायाचित्रांनी मिटवला : ते सूर्याचेच होते. पण ते कशाचे बनले आहेत? तापलेले घन पदार्थ, ढगांसारखे काही, की वायू? याचे उत्तर देऊ शकणारे साधन नुकतेच हाती आले होते. ते म्हणजे वर्णपटदर्शक.

५/ १८५९ च्या सुमारास किर्खॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, तापलेला विरळ वायू सर्व रंगांचा अखंड पट्टा न देता काही ठरावीक जागी तेजस्वी रेषा देतो, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा त्याच्या स्वतःच्या असतात. म्हणजे ज्वाळांचा प्रकाश लोलकातून पाहिला आणि त्यात सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या, की प्रश्न सुटला. १८६८ चे ग्रहण हे या साधनाची पहिली मोठी परीक्षा होते. शिवाय खग्रास अवस्था भारतात पाच मिनिटांच्या आसपास टिकणार होती.

६/ महाराष्ट्रातही हा काळ आकाशाच्या गणिताविषयी नव्याने विचार करण्याचा होता. गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वर (शके १४४२) इथली पंचांगे शतकानुशतके चालत आली होती. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि आबासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे पंचांग सुरू केले. तेच पुढे ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणून ओळखले गेले. गणित आकाशाशी ताडून पाहावे, ही मागणी इथेही उठली होती.

७/ मोहिमांच्या जागा पाहिल्या की हवामानाचा विचार लगेच लक्षात येतो. रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या वतीने मेजर टेनंट गुंटूरला गेले. फ्रान्सचे पिएर जान्सेन हेही गुंटूरलाच आले. मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉग्सन मछलीपट्टणमला होते, तर त्यांचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी निजामाच्या राज्यातील वनपर्ती येथे पथक नेले. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर सह्याद्री अडवतो. पूर्वेकडे पाऊस कमी आणि उघडीप जास्त. विजयदुर्गाचे नाव या मोहिमांमध्ये नाही.

८/ पश्चिमेकडे सर्वात महत्त्वाचे ठाणे होते जमखंडी. पटवर्धनांचे हे संस्थान आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा कोरडा मुलूख. रॉयल सोसायटीने आपला वर्णपटदर्शक लेफ्टनंट जॉन हर्शेल यांच्याकडे सोपवला होता. युरेनसचा शोध लावणारे विल्यम हर्शेल हे त्यांचे आजोबा आणि प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल हे वडील. स्वतः लेफ्टनंट हर्शेल मात्र वेधशाळेतले नव्हते. ते भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातले लष्करी अभियंते होते.

९/ ही गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. जमखंडीतले हर्शेल आणि त्यांचे सहकारी लेफ्टनंट कॅम्पबेल, विजापूरचे कॅप्टन हेग : ही सगळी जमीन मोजणारी माणसे होती. सूर्याच्या वर्णपटाचा अभ्यास हा त्यांचा पेशा नव्हता. हौस, शिस्त आणि उसने मिळालेले उपकरण एवढ्या भांडवलावर ती उभी होती. एकोणिसाव्या शतकातील खगोलशास्त्राचा बराच भाग अशा हौशी किंवा अर्धहौशी माणसांनीच उचलून धरला होता.

१०/ १८ ऑगस्टची सकाळ उजाडली. जमखंडीच्या आकाशात ढग धावत होते. सूर्य मधूनच दिसे, मधूनच झाकला जाई. चंद्रबिंब सरकत सरकत सूर्याला गिळत होते आणि ढगही थांबायला तयार नव्हते. खग्रास अवस्था सुरू झाली तेव्हा सूर्य ढगांआड होता. अनेक महिन्यांची तयारी, समुद्रापलीकडून आलेले उपकरण, आणि हाताशी असलेली पाच मिनिटे एकेका सेकंदाने संपत चाललेली. निरीक्षकाला फक्त वाट पाहता येत होती.

११/ मग ढगांत एक फट पडली. हर्शेल यांनी एक ज्वाळा उपकरणाच्या चिरेवर आणली आणि डोळा लावला. अखंड रंगपट्टा दिसला नाही. दिसल्या त्या तीन ठळक रेषा : एक तांबडी, एक नारिंगी, एक निळी. प्रश्न सुटला होता. ज्वाळा म्हणजे तापलेला वायू. ज्या उत्तरासाठी जगभर पथके पांगली होती, ते जमखंडीत ढगांच्या फटीतून मिळाले. गुंटूर, मछलीपट्टणम आणि सयाममधील निरीक्षकांनाही त्याच सकाळी तेच उत्तर मिळाले.

१२/ पण रेषा दिसणे वेगळे आणि तिची जागा मोजणे वेगळे. मोजमापावरूनच ती कोणत्या मूलद्रव्याची हे ठरते. उरलेल्या वेळात हर्शेल यांनी नारिंगी रेषेची जागा मोजली. ती सोडियमच्या ‘डी’ रेषेशी जुळते, असा त्यांचा निष्कर्ष झाला. निळ्या रेषेचे माप घाईत झाले आणि ती हायड्रोजनच्या ‘एफ’ रेषेशी नेमकी जुळते असे त्यांना खात्रीने म्हणता आले नाही. तांबड्या रेषेची जागा सांगायला ते कचरले. आपल्या अहवालात त्यांनी प्रत्येक मापाची खात्री किती, हे स्वच्छ लिहून ठेवले.

१३/ विजापूरला कॅप्टन हेग यांच्याजवळ हातात धरायचा छोटा वर्णपटदर्शक होता. त्यांना दोन ज्वाळांच्या प्रकाशात दोन रुंद पट्टे दिसले : एक गुलाबी तांबडा, दुसरा फिका सोनेरी. गुंटूरला टेनंट यांनी सहा छायाचित्रे घेतली, पण तिथेही पातळ ढगांचा पडदा आडवा आला आणि सूर्याच्या प्रभामंडळाचे तपशील पुसट राहिले. पूर्व किनारा निवडूनही पावसाळ्याने आपला वाटा घेतलाच.

१४/ हा सोनेरी किंवा नारिंगी रंग म्हणजेच कथेतला हेलियम. सोडियमच्या दोन ‘डी’ रेषा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरला येतात. ग्रहणात दिसलेली पिवळी रेषा ५८७.६ नॅनोमीटरची. फरक दीड-दोन नॅनोमीटरचा. त्यातून ज्वाळांमध्ये फक्त ही एकच रेषा असल्याने शेजारी ताडून पाहायला सोडियमची जोडी नव्हती. म्हणून बहुतेकांनी तिला सोडियमची रेषा मानले. दोष एकट्या ढगांचा नाही. ज्यांना अधिक वेळ मिळाला, त्यांनीही ती रेषा ‘डी’ किंवा ‘डी’जवळची म्हणूनच नोंदवली.

१५/ इथे गुंटूरचे जान्सेन वेगळे ठरतात. ज्वाळांच्या रेषा इतक्या प्रखर होत्या की, त्या पाहायला ग्रहणाची गरजच नसावी, असा विचार त्यांच्या मनात आला. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी भर उजेडात सूर्याच्या कडेवर उपकरण रोखले आणि त्याच तेजस्वी रेषा पाहिल्या. पुढे अनेक दिवस ते गुंटूरमध्ये ज्वाळांचा आकार रोज कसा बदलतो, हे टिपत राहिले. पाच मिनिटांचे ग्रहण त्यांनी असे रोजच्या निरीक्षणात बदलले.

१६/ याचे महत्त्व ढगांच्या संदर्भात पाहावे. तोवर ज्वाळा पाहायच्या तर खग्रास ग्रहण हवे, ते पोहोचण्याजोग्या जागी हवे, आणि त्या मोजक्या मिनिटांत आकाश उघडे हवे. यातली एक अट मोडली की वर्षानुवर्षांची वाट फुकट. जान्सेन यांच्या पद्धतीने आज ढग असले तर उद्या पाहता येऊ लागले. निसर्गाच्या एका लहरीवर अवलंबून असलेला शोध आता चिकाटीच्या हाती आला.

१७/ आणि लॉकियर? १८ ऑगस्ट १८६८ ला ते विजयदुर्गावर नव्हते, भारतातही नव्हते. ते इंग्लंडमध्ये होते. युद्धखात्यात कारकुनी करणारा हा गृहस्थ फावल्या वेळात सूर्य पाहणारा हौशी खगोलप्रेमी होता. ग्रहणाविना ज्वाळा पाहण्याची कल्पना त्यालाही स्वतंत्रपणे सुचली होती, पण मागवलेला वर्णपटदर्शक कारागिराकडून वेळेत आला नाही. तो ऑक्टोबरच्या मध्यात हाती पडला आणि २० ऑक्टोबरला लॉकियरने घरच्या घरी ज्वाळांच्या रेषा पाहिल्या.

१८/ भारतातून निघालेले जान्सेन यांचे पत्र आणि लॉकियर यांचे निवेदन पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकाच बैठकीत, २६ ऑक्टोबर १८६८ रोजी, आले. श्रेय दोघांनाही मिळाले. १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने दोघांच्या प्रतिमा असलेले पदक काढले. एका वसाहतीच्या गावात बसलेला प्रवासी आणि लंडनमधला कारकून एकाच नाण्यावर शेजारी शेजारी आले.

१९/ पिवळी रेषा सोडियमची नाही, हे निवांतपणे मोजल्यावर लॉकियर यांच्या लक्षात आले. त्यांनी तिला ‘डी-३’ म्हटले. रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्यासोबत काम करताना ही पृथ्वीवर माहीत नसलेल्या मूलद्रव्याची खूण असावी, असा विचार पुढे आला आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून ‘हेलियम’ हे नाव पडले. १८९५ मध्ये विल्यम रॅम्झी यांनी युरेनियमच्या एका खनिजातून हेलियम प्रत्यक्ष वेगळा केला, तेव्हा शंका मिटली. म्हणजे हा शोध एका क्षणाचा नाही; तो सत्तावीस वर्षांचा आहे.

२०/ ढगांनी लॉकियर यांनाही सोडले नाही. डिसेंबर १८७० मध्ये ते ग्रहणासाठी सिसिलीला निघाले. वाटेत जहाज फुटले, आणि ग्रहणाच्या दिवशी ढगांमुळे प्रभामंडळ अवघा क्षण-दोन क्षण दिसले. १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी ते भारतात आले, पण विजयदुर्गावर नव्हे, तर मलबार किनाऱ्यावरील बेकलच्या किल्ल्यावर. ऑगस्ट १८९६ मध्ये युद्धनौकेच्या खलाशांची मदत घेऊन त्यांनी नॉर्वेच्या उत्तर टोकाशी तळ ठोकला. तिथे ढगांनी काहीच पाहू दिले नाही.

२१/ आता विजयदुर्ग. २२ जानेवारी १८९८, शके १८१९ ची पौष अमावास्या. या दिवशी चंद्रछाया पुन्हा कोकणात उतरली आणि ईशान्येला वळून सोलापूर जिल्ह्यातील जेऊर, मग आजच्या बीड-परभणीचा परिसर, वऱ्हाड, मध्य प्रांत असे करत बक्सरकडे गेली. या वेळी ऋतू अनुकूल होता. लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यात तळ दिला. ‘मेल्पोमीन’ या ब्रिटिश युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्यांच्या दिमतीला होते. आकाश स्वच्छ राहिले.

२२/ म्हणजे लॉकियर विजयदुर्गावर आले होते हे खरे. फक्त १८६८ मध्ये नव्हे, १८९८ मध्ये. दुर्बिणी आणि कॅमेरे बसवण्यासाठी पक्के चौथरे लागत. ‘साहेबाचे कट्टे’ ही त्या हिवाळ्याची खूण मानणे सयुक्तिक आहे. हेलियम तर त्याआधी तीन वर्षे रॅम्झी यांच्या प्रयोगशाळेत सापडून गेला होता. पण हेलियमला नाव देणारा माणूस या किल्ल्यावर सूर्य पाहत होता. लोकस्मृतीने त्याची दोन ग्रहणे एकत्र विणली. स्मृती असेच करते. इतिहासाने धागे सुटे करायचे असतात.

२३/ १८९८ चे ग्रहण महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वात कठीण दिवसांत आले. मुंबई इलाख्यात १८९६ पासून प्लेग होता आणि नुकताच दुष्काळ सरला होता. जून १८९७ मध्ये पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. छत्र्यांचे शिष्य आणि ‘ओरायन’चे कर्ते लोकमान्य टिळक ग्रहणाच्या दिवशी राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. विलायती पथके सामानाच्या पेट्या घेऊन याच मुलखातून जात होती. ग्रहणाचा इतिहास लिहिताना ही पार्श्वभूमी गाळणे अन्यायाचे ठरेल.

२४/ जेऊरला पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला होते. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे ते प्रमुख. तिथली वीस इंची दुर्बीण तेव्हा भारतातील सर्वात मोठी होती. जेऊरच्याच माळावर अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फुटी कॅमेरा घेऊन उतरले होते. परदेशी पथकाशेजारी एका भारतीय प्राध्यापकाने स्वतःच्या जबाबदारीवर चालवलेले निरीक्षण, हे त्या काळी नवे दृश्य होते.

२५/ आणि हौशी मंडळी होती वऱ्हाडात. आजच्या अमरावती जिल्ह्यातील तळणी येथे ब्रिटिश अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे पथक उतरले. १८९० मध्ये स्थापन झालेली ही संस्था मुख्यतः हौशी निरीक्षकांची. स्त्रियांनाही तिचे सदस्यत्व खुले होते. पथकात अ‍ॅनी माँडर होत्या. ग्रीनिच वेधशाळेत त्या नोकरीला होत्या, पण १८९५ मध्ये विवाह होताच नियमाप्रमाणे त्यांना नोकरी सोडावी लागली. १८९६ मध्ये त्या नॉर्वेला गेल्या होत्या आणि ढगांमुळे हात हलवत परतल्या होत्या.

२६/ तळणीत अ‍ॅनी यांच्याजवळ केंब्रिजच्या गर्टन कॉलेजच्या अनुदानातून घेतलेले छोटे भिंग होते; व्यास जेमतेम दीड इंच. त्या भिंगाने त्यांनी प्रभामंडळाचा असा लांबलचक झोत टिपला, ज्याच्याएवढा लांब झोत त्याआधी कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता. मोठमोठ्या वेधशाळांच्या उपकरणांना जे जमले नाही, ते वऱ्हाडच्या स्वच्छ हिवाळी आकाशात पगार नसलेल्या एका निरीक्षक स्त्रीने करून दाखवले. नॉर्वेच्या ढगांची भरपाई तळणीत झाली.

२७/ त्याच तळावर जॉन एव्हरशेड होते. तेही तेव्हा हौशीच. तळणीत त्यांनी खग्रासाच्या कडेच्या क्षणी चमकणाऱ्या वर्णपटाची छायाचित्रे घेतली. पुढे १९०७ मध्ये ते कोडाईकॅनल वेधशाळेत आले, आणि १९०९ मध्ये सौरडागांतील वायूच्या प्रवाहाचा त्यांनी लावलेला शोध आज ‘एव्हरशेड परिणाम’ म्हणून ओळखला जातो. १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद झाल्यावर नायगमवालांची उपकरणेही कोडाईकॅनललाच गेली. तळणी आणि जेऊर अशी एका डोंगरावर भेटली.

२८/ संभाजीनगरच्या वाट्याला मात्र १८९८ मध्येही खंडग्रासच आले. छाया शहराच्या आग्नेयेकडून निघून गेली. २२ जुलै २००९ ला पट्टा उत्तरेला, सुरत-इंदूर-भोपाळ-वाराणसी-पाटणा असा होता. आषाढ अमावास्या, पुन्हा पावसाळा. बिहारमधील तारेगणा येथे हजारो लोक जमले आणि ढगांनी त्यांची निराशा केली. वाराणसीत मात्र आकाश उघडले. २६ डिसेंबर २०१९ चे ग्रहण हिवाळ्यातले होते, तरी अनेक शहरांत ढग होतेच. ऋतू संधी वाढवतो, खात्री देत नाही.

२९/ तरीही लोक जमतात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे. संभाजीनगरात एमजीएमच्या परिसरात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावाचे खगोल व अंतराळ विज्ञान केंद्र आहे. ग्रहणाच्या दिवशी अशा ठिकाणी सौरचष्मे वाटून घेत, ढगांकडे पाहत उभे राहणारे विद्यार्थी जमखंडीच्या त्या सर्वेक्षकांचेच वारस आहेत. एक सूचना जुनीच : पातळ ढगांआडचा सूर्यही उघड्या डोळ्यांनी पाहू नये. ढग म्हणजे गाळणी नव्हे.

३०/ ढगांशी चाललेल्या या झुंजीचे एक टोक आज आकाशातच आहे. ज्वाळा ग्रहणाविना पाहता आल्या तरी प्रभामंडळासाठी ग्रहण लागतच होते. १९३० च्या सुमारास बर्नार्ड लिओ यांनी दुर्बिणीतच कृत्रिम ग्रहण घडवणारा करोनाग्राफ बनवला. २ सप्टेंबर २०२३ ला निघालेले भारताचे आदित्य-एल १ हे यान तसाच एक करोनाग्राफ घेऊन ६ जानेवारी २०२४ ला पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर स्थिरावले. तो बनवला कोडाईकॅनलचा वारसा सांगणाऱ्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने. तिथे ढग नाहीत.

३१/ १८ ऑगस्ट १८६८ ला सयाममध्येही ग्रहण पाहिले गेले. स्वतः गणित करणारे राजे मोंगकुट वाको येथे पाहुण्यांसह थांबले होते. सुरुवातीला तिथेही ढग होते, खग्रासाआधी आकाश उघडले. त्या दलदलीच्या भागात त्यांना हिवताप झाला आणि १ ऑक्टोबरला ते वारले. थायलंडमध्ये १८ ऑगस्ट हा राष्ट्रीय विज्ञान दिन आहे. विजयदुर्गावरही हा दिवस जरूर साजरा व्हावा. पण कथा दुरुस्त करून. त्या दिवशी कोकणात लॉकियर नव्हते. घाटापलीकडे जमखंडीत एक सर्वेक्षक ढगांच्या फटीची वाट पाहत होता.

३२/ २ ऑगस्ट २०२७ ला पुन्हा सूर्यग्रहण आहे. इजिप्तमधील लक्सरला सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास. महाराष्ट्रातून दुपार कलल्यावर खंडग्रास. तिथी आषाढ अमावास्या. आकाश कसे असेल, हे १८६८ वरून ओळखता येते. त्या दिवशी संभाजीनगरच्या एखाद्या गच्चीवर ढग दाटलेच, तर हर्शेल यांची वही आठवावी : किती दिसले, किती मोजले, आणि कशाची खात्री नाही, हे तिघेही त्यांनी वेगवेगळे लिहिले होते. विज्ञानाला त्यांच्या तीन रेषांइतकाच हा प्रामाणिकपणाही उपयोगी पडला.

(थ्रेड समाप्त)